प्रशिक्षक कोण, हा दुसरा प्रश्न

१९०७ सालच्या डिसेंबरात सुरतेस राष्ट्रीय सभेचे तेविसावे अधिवेशन भरले आणि उधळले, ही कथा मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. अधिवेशन नागपूरला व्हावयाचे होते. ते तापीकाठच्या सुरतेला हलविण्यात आले. अध्यक्षपदासाठी डॉ. राशबिहारी घोष यांचे नाव नेमस्तांनी ठरवून टाकले होते. जहालांना लाला लजपतराय हवे होते आणि खुद्द लालाजी त्या मानाला राजी नव्हते. पहिला दिवस गोंधळात गेला. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळक आपली सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर जाऊन हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांना बोलू दिले गेले नाही. आणि मग मंडपातून तो इतिहासप्रसिद्ध जोडा भिरभिरत आला. सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता या दोघांनाही त्याने प्रसाद दिला. जोडा मराठी घडणीचा होता, अशी नोंद हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज वार्ताहराने करून ठेवली आहे. तो कोणी फेकला, कोणाला मारावयाचा होता, यावर आपल्याकडे अद्याप चवीने बोलले जाते.

परंतु सुरतेचे भांडण घोषबाबूंच्या नावाचे नव्हते आणि लालाजींच्याही नव्हते. आदल्या वर्षी कलकत्त्यास दादाभाईंच्या अध्यक्षतेखाली स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण हे चार ठराव झाले होते, ते ठराव सुरतेत पातळ केले जाणार, असा जहालांना संशय होता. वाद कार्यक्रमाचा होता. तो नावावर लढला गेला, आणि नावावर लढला गेल्यामुळेच त्याचा शेवट जोड्याने झाला. दोन्ही पक्ष लखनौला एकत्र येईपर्यंत नऊ वर्षे गेली.

सुरतेची ही आठवण फुटबॉलच्या संदर्भात व्हावी, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण भारताच्या राष्ट्रीय संघाला प्रशिक्षक कोण असावा, यावर गेली काही वर्षे जो वाद पुनःपुन्हा पेटतो, त्याची जात तीच आहे. परदेशी की देशी, बंगालचा की गोव्याचा, नावाजलेला की परवडणारा, अशी नावांची झुंज लागते. त्या माणसाने नेमके करावयाचे काय, हे कोणी विचारीत नाही आणि महासंघही सांगत नाही. मग चार सामने हरले की जोडा भिरभिरत येतोच.

गेल्या काही वर्षांचा हिशेब पाहा. क्रोएशियाचे इगोर स्टिमाच मे २०१९ मध्ये आले. त्यांच्या कारकिर्दीत २०२१ आणि २०२३ च्या सॅफ स्पर्धा भारताने जिंकल्या. २०२३ मध्ये महासंघाने त्यांचा करार वाढवून दिला. जानेवारी २०२४ च्या आशिया चषकात भारताने तिन्ही सामने एकही गोल न करता गमावले. मार्चमध्ये गुवाहाटीला अफगाणिस्तानने हरविले. जूनमध्ये कतारविरुद्धच्या सामन्यात चेंडू मैदानाबाहेर जाऊन आलेला असताना पंचांनी गोल दिला आणि विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून भारत बाहेर पडला. सहा दिवसांत, १७ जून २०२४ रोजी, स्टिमाच यांना काढण्यात आले; आणि वाढवून दिलेला करार मोडल्याबद्दल नुकसानभरपाईचा वाद महासंघाला निस्तरावा लागला. ज्या माणसाला ऑक्टोबरात मुदतवाढ द्यावी, त्यालाच पुढच्या जूनमध्ये घरी पाठवावे, याला धोरण म्हणावयाचे की धरसोड? स्टिमाच यांच्याविषयी आम्हांस फारशी ममता नाही. राष्ट्रीय संघाच्या निवडीत ज्योतिषाचा सल्ला घेतला गेल्याच्या बातम्या त्यांच्याच काळात प्रसिद्ध झाल्या आणि जगभर आपले हसे झाले. परंतु त्यांना नेमताना काय अपेक्षिले होते आणि काढताना त्यातले काय साधले नव्हते, याचा कागद कोणी कधी पाहिला आहे काय?

त्यानंतर स्पेनचे मानोलो मार्केझ आले. येथे आम्हां गोमंतकीयांना थोडे आत्मपरीक्षण करणे भाग आहे. मार्केझ हे त्या वेळी एफसी गोवा संघाचे प्रशिक्षक होते आणि महासंघाने त्यांना ते पद न सोडता राष्ट्रीय संघाची धुरा दिली. एक संपूर्ण हंगाम एकच गृहस्थ क्लबही पाहत होता आणि देशही. आपल्या क्लबचा माणूस देशाचा प्रशिक्षक झाला याचा आम्हांला अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे. मे २०२५ मध्ये भुवनेश्वरला एफसी गोवाने अंतिम सामन्यात जमशेदपूरचा ३-० असा पराभव करून सुपर चषक जिंकला, तेव्हा गोव्यात आनंद झाला, तो योग्यच होता. पण त्याच माणसाच्या हाताखाली राष्ट्रीय संघाने आठ सामने खेळले व त्यांतला एकच जिंकला, तोही मालदीवविरुद्ध. आणि त्यासाठी वयाच्या चाळिशीत निवृत्तीतून परतलेल्या सुनील छेत्रीला गोल करावा लागला. शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी, हाँगकाँगला शेवटच्या क्षणी दिलेल्या पेनल्टीवर पराभव, आणि २ जुलै २०२५ रोजी परस्परसंमतीने काडीमोड. दोन घरचा पाहुणा उपाशी, असे आपण म्हणतो. येथे पाहुणा एका घरी भरपेट जेवला. उपाशी राहिले ते दुसरे घर, आणि ते देशाचे होते. या व्यवस्थेविरुद्ध गोव्यातून फार मोठा आवाज उठला नाही. आपल्या ताटात पडत होते म्हणून आपण गप्प राहिलो.

मुळात या पदाचे स्वरूपच नीट समजून घेतले जात नाही. इंग्लंडात या पदाला मॅनेजर म्हणतात. आपल्याकडे संघाचा मॅनेजर म्हणजे विमानाची तिकिटे, हॉटेलच्या खोल्या आणि हरवलेल्या किटबॅगा यांची चिंता वाहणारा गृहस्थ. म्हणून आपण प्रशिक्षक हा शब्द वापरतो. पण प्रशिक्षक म्हटले की शिकवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो आणि तेथेच फसगत होते. क्लबच्या प्रशिक्षकाला खेळाडू वर्षाचे आठ-दहा महिने रोज सकाळी मैदानावर मिळतात. त्याला हवा तो आघाडीपटू विकत घेता येतो, नको तो काढून टाकता येतो. राष्ट्रीय प्रशिक्षकाला हेच खेळाडू वर्षातून चार-पाच वेळा, दर खेपेस दहा दिवसांच्या आसपास मिळतात, आणि कित्येकदा तेही दमलेले किंवा दुखावलेले. त्यापूर्वीच्या शिबिरासाठी क्लबांची मनधरणी करावी लागते. ऑगस्ट २०२५ मधील शिबिरासाठी काही खेळाडूंना क्लबने सोडलेच नाही. तेवढ्या दिवसांत कोणी कोणाला फुटबॉल शिकवू शकत नाही. जे आहे त्यातून निवड करणे, त्याची मांडणी करणे आणि खेळाडूंच्या मनाला उभारी देणे एवढेच त्याच्या हातात असते. बाकीचे सगळे, म्हणजे मुले कोठे घडतात, किती सामने खेळतात, कोणत्या जागी खेळतात, हे दुसऱ्यांच्या हातात असते. आणि पराभवानंतर ते दुसरे कधी पत्रकारांसमोर बसत नाहीत.

कोणत्या जागी खेळतात, हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. इंडियन सुपर लीगमध्ये एका संघाला एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर उतरविता येतात, आणि क्लबांनी ते बहुधा कणा म्हणाव्या अशा जागांवर वापरले: मध्यरक्षक, मधल्या फळीचा सूत्रधार आणि मुख्य आघाडीपटू. गोल करावयाची जागा परदेशी माणसाची, आणि आपला मुलगा बाजूच्या रेषेवर धावणारा किंवा राखीव बाकावर बसणारा. मग वर्षातून पाचदा राष्ट्रीय प्रशिक्षकाने त्याच मुलाला म्हणावयाचे, आता तू गोल कर! छेत्रीनंतर कोण, हा प्रश्न पंधरा वर्षे सर्वांना दिसत होता आणि तो सोडविण्याची सत्ता राष्ट्रीय प्रशिक्षकाकडे एक दिवसही नव्हती. घोडेच जुंपलेले नसतील तर रथावर कोणता सारथी बसवावा याची चर्चा करीत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे.

जुन्या पिढीला सय्यद अब्दुल रहीम हे नाव आठवत असेल. हैदराबादचा हा शाळामास्तर १९५१ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत भारताचा प्रशिक्षक होता आणि भारताने सुवर्णपदक मिळविले. पुढच्या वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लावियाने आपला १०-१ असा फडशा पाडला. आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळत होते आणि थंड, ओल्या मैदानावर त्यांना उभे राहणे कठीण झाले. दहा गोल! आजच्या काळात असा निकाल लागला असता तर प्रशिक्षक परत येण्यापूर्वीच त्याच्या जागेची जाहिरात निघाली असती. पण त्या पराभवाचा अर्थ लावण्यात आला. बुटांशिवाय यापुढे चालणार नाही हे ठरले, आणि चार वर्षांनी मेलबर्नला जाणारा संघ त्याच रहीमसाहेबांच्या हाती देण्यात आला. तेथे यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव झाला. नेव्हिल डिसोझा या आपल्या गोमंतकीयाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी तिहेरी कामगिरी करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्तात, प्रतिकूल प्रेक्षकांसमोर, दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने पुन्हा आशियाई सुवर्ण जिंकले, तेव्हा रहीमसाहेब कर्करोगाने पोखरले गेले होते. जून १९६३ मध्ये ते वारले. १०-१ आणि ते सुवर्ण यांत दहा वर्षांचे अंतर आहे. ती दहा वर्षे त्या माणसाकडून काढून घेतली असती तर आपल्याजवळ आज अभिमानाने सांगावयास काय उरले असते?

देशी-परदेशी हा वाद या हिशेबात कोठे बसतो? १९३० पासून २०२२ पर्यंत पुरुषांचा एकही विश्वचषक परदेशी प्रशिक्षकाने जिंकून दिलेला नाही, हे खरे आहे. पण विश्वचषक जिंकणे ही आपली आजची अडचण नव्हे, आणि फिफाच्या यादीत नोव्हेंबर २०२५ मध्ये १४२ व्या स्थानावर घसरलेल्या देशाने ब्राझील-जर्मनीचे दाखले देऊ नयेत. परदेशी प्रशिक्षकांनी आपल्याला काही दिले नाही, असेही नाही. बॉब हाउटन यांच्या काळात २००७ व २००९ चा नेहरू चषक आणि २००८ चा एएफसी चॅलेंज चषक आला, आणि त्या चषकाच्या वाटेने २०११ च्या आशिया चषकात प्रवेश मिळाला. स्टीफन कॉन्स्टंटाइन २०१५ मध्ये दुसऱ्यांदा आले तेव्हा भारत क्रमवारीत १७० च्या पलीकडे होता. जुलै २०१७ मध्ये तो ९६ वर पोहोचला. उलट जुलै २०२५ मध्ये, मार्केझ गेल्यावर तीनच दिवसांनी, आपल्या मुलींच्या संघाने क्रिस्पिन छेत्री या भारतीय प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून आशिया चषकाची पात्रता मिळविली. तेव्हा या प्रश्नाचा निकाल पारपत्राच्या रंगावर लागत नाही.

उझबेकिस्तानचे उदाहरण आम्हांस अधिक बोलके वाटते. २०२४ च्या आशिया चषकात ज्याने आपल्याला तीन गोलांनी हरविले, तोच हा देश. त्यांचे स्लोव्हेनियाचे प्रशिक्षक स्रेच्को कातानेच यांनी जानेवारी २०२५ मध्ये, विश्वचषकाच्या पात्रता फेरीच्या ऐन मध्यावर, प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडले. आपल्याकडे असा प्रसंग आला असता तर समिती, जाहिरात, अर्ज, गळती झालेली नावे आणि न्यायालये यांत सहा महिने गेले असते. त्यांनी आपल्याच तिमूर कापाद्झे यांच्या हाती संघ दिला, आणि जूनमध्ये उझबेकिस्तान प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. पुढे इटलीचे फाबियो कानावारो यांची नेमणूक झाली, म्हणजे पुन्हा परदेशी! परदेशी गेला, देशी आला, देशी गेला, परदेशी आला. गाडी थांबली नाही. कारण २०१२ मध्ये त्यांच्या सोळा वर्षांखालील मुलांनी आशिया चषक जिंकला, २०२३ मध्ये वीस वर्षांखालील मुलांनी जिंकला, २०२५ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांनी जिंकला. अशी रांग मागे उभी असली की प्रशिक्षकाची निवड चुकली तरी ती चूक पचते.

जुलै २०२५ मधील आपली निवड कशी झाली, तेही आठवावे. महासंघाकडे १७० अर्ज आले. त्यांत बार्सिलोनाच्या झावी हर्नांडेझ यांचे नाव असल्याची बातमी फुटली. खर्च परवडणार नाही म्हणून ते नाव मागे ठेवल्याचेही सांगण्यात आले. दोन दिवस देश हुरळून गेला, आणि मग महासंघाने जाहीर केले की, तो अर्ज खराच नव्हता! शाळेत शिपायाची जागा भरताना देखील अर्जदार हजर आहे की नाही हे पाहतात. अखेरीस आय. एम. विजयन यांच्या तांत्रिक समितीने तीन नावे पुढे केली: कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे श्टेफान तारकोविच आणि आपले खालिद जमील. १ ऑगस्ट रोजी जमील यांची नियुक्ती झाली. २०१२ नंतर प्रथमच एका भारतीयाला हे पद पूर्णवेळ मिळाले.

जमील यांच्याविषयी आम्हांला आदर आहे. मुंबई एफसीसारख्या बेताच्या साधनांच्या संघाबरोबर त्यांनी अनेक वर्षे काढली. २०१६-१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉलला त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले, तेव्हा तो संघ आदल्याच हंगामात पदावनत होऊन पुन्हा सामावून घेतलेला होता. सुपर चषकाच्या ज्या अंतिम सामन्याचा वर उल्लेख आला, त्यात पराभूत जमशेदपूरचे प्रशिक्षक तेच होते. त्यांची सुरुवात आशादायक झाली. मध्य आशियातील स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्या घरी हरवून आणि ओमानला पेनल्टीवर नमवून भारत तिसरा आला. पण त्यांच्या हाती संघ आला तेव्हा आशिया चषकाच्या पात्रतेतले दोन सामने होऊन गेले होते आणि पदरात एकच गुण होता.

मग १४ ऑक्टोबर २०२५ ची ती रात्र आली. फातोर्ड्याचे मैदान, समोर सिंगापूर. भारताने आघाडी घेतली, मध्यंतरापूर्वी ती गेली, उत्तरार्धात दुसरा गोल बसला आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार आपल्याच अंगणात आपल्या तोंडावर बंद झाले. सिंगापूरची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे. तो पराभव पाहून मडगावातून परतणाऱ्या माणसांना जमील यांच्याऐवजी दुसरा कोणी असता तर काय झाले असते, हा प्रश्न पडला असेल. आमच्या मनात दुसराच प्रश्न होता. हा सामना हरल्याबद्दल आज रात्री आणखी कोणाकोणाला झोप लागणार नाही? पुढच्या महिन्यात ढाक्याला बांगलादेशाने आपल्याला हरविले, बावीस वर्षांत प्रथमच.

पुढची निवड आज ना उद्या येणारच. ती येईल तेव्हा, नावे मागविण्यापूर्वी, महासंघाने एक साधा कागद लिहावा आणि तो छापावा, अशी आमची मागणी आहे. चार वर्षांत संघाकडून काय अपेक्षित आहे? शिबिराला किती दिवस मिळतील आणि खेळाडू न सोडणाऱ्या क्लबला काय शासन होईल? सतरा, वीस व तेवीस वर्षांखालील संघांचे प्रशिक्षक या माणसाला जबाबदार असतील की नाही? लीगमध्ये भारतीय आघाडीपटूंसाठी जागा राखण्याविषयी त्याचे म्हणणे कोण ऐकून घेईल? पूर्ण मुदतीपूर्वी त्याला कोणत्या कारणासाठी काढता येईल आणि कोणत्या कारणासाठी येणार नाही? आणि तो दुसऱ्या कोणाची नोकरी करीत असेल काय? या प्रश्नांची उत्तरे लिहिली की पुष्कळसे अर्ज आपोआप गळून पडतील आणि जो उरेल त्याला आपण कशाला हो म्हणत आहोत हे कळेल. तीन नावांतून एक निवडले तर का निवडले, हेही समितीने सही करून सांगावे.

महासंघ हे करील काय, याविषयी आम्ही साशंक आहोत. याच महासंघावर ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने बंदी घातली होती. त्यानंतरच्या निवडणुकीत भारतासाठी सर्वांत अधिक नावाजलेल्या खेळाडूंपैकी एक, बायचुंग भुतिया, यांना चौतीसपैकी एक मत पडले. २०२५-२६ चा लीगचा हंगाम करार आणि न्यायालय यांच्या घोळात वेळेवर सुरू होऊ शकला नाही, आणि खेळाडूंना समाजमाध्यमांवरून खेळू द्या म्हणून विनवण्या कराव्या लागल्या. खेळाडू घरी बसले होते आणि आपण प्रशिक्षकाच्या नावावर भांडत होतो.

या बाबतीत गोव्याला बोलण्याचा अधिकार आहे, आणि थोडी लाज वाटून घेण्याचे कारणही आहे. १८८३ मध्ये फादर लायन्स यांनी शिवोलीत चेंडू आणला असे मानले जाते. तेव्हापासून हा खेळ चर्चच्या पटांगणातून निघून देवळांच्या गावांत केव्हाच पोहोचला. भारताचे कर्णधारपद भूषविणारे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर आणि बचावाचा खांब म्हणून वर्षानुवर्षे उभे राहिलेले महेश गवळी ही त्याची साक्ष आहे. हेच गवळी २०२३ च्या सॅफ स्पर्धेत, स्टिमाच यांना लाल कार्ड मिळून बंदी आल्यामुळे, उपांत्य व अंतिम सामन्याला मैदानाच्या कडेला प्रमुख म्हणून उभे होते. दोन्ही सामने भारताने पेनल्टीवर जिंकले. चषकाच्या छायाचित्रांत त्यांना शोधावे लागते.

आय-लीगची पहिली सहा विजेतेपदे, २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत, सलग गोव्यात आली: धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. त्या धेंपोचे प्रशिक्षक आर्मांद कुलासो यांना राष्ट्रीय संघ केव्हा देण्यात आला? २०११ मध्ये, हाउटन गेल्यानंतर, विश्वचषकाची पात्रता फेरी अंगावर आली तेव्हा. अल ऐनला संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध सामना सुरू होऊन अर्धा तासही झाला नव्हता तोच आपले दोन खेळाडू बाहेर काढले गेले. दिल्लीत २-२ बरोबरी झाली, आणि कुलासोंचा अध्याय काही महिन्यांत संपला. मग आणखी एक गोमंतकीय, सावियो मेडेरा. त्यांनी डिसेंबर २०११ मध्ये अफगाणिस्तानला ४-० असे हरवून सॅफ चषक जिंकून दिला; पुढच्या मार्चमध्ये काठमांडूला तिन्ही सामने गेले आणि हॉलंडचे कूव्हरमान्स यांना बोलावण्यात आले. पंगतीला पाहुणे येईपर्यंत पान राखून बसावे, तसा गोव्याच्या प्रशिक्षकांचा उपयोग झाला.

दिल्लीकडे बोट दाखविताना आपल्या मडगाव-पणजीकडेही पाहिले पाहिजे. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यांची कारणे खरी होती. दोन समांतर लीगांच्या भांडणात त्यांचा बळी पडत होता. परंतु त्या क्लबांबरोबर गोव्यातल्या तरुण प्रशिक्षकाची शाळाही बंद पडली. कुलासो घडले ते धेंपोत वर्षानुवर्षे टिकल्यामुळे. अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्या संघात उतरविण्याची जोखीम घेत, हरत, शिकत ते घडले. आज परदेशी प्रशिक्षकाचा दुसरा किंवा तिसरा सहायक होणे हीच गोव्याच्या हुशार माणसाची कमाल मर्यादा झाली आहे. पारपत्राचा प्रश्न वेगळाच. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन युरोपात गेलेल्या कुटुंबांतली मुले भारताकडून खेळू शकत नाहीत, आणि ते दार उघडावे की न उघडावे यावर येथे गंभीर चर्चाही होत नाही.

फुटबॉलला राज्यक्रीडेचा मान देणाऱ्या या राज्यात गोवा फुटबॉल संघटना आहे, फुटबॉल विकास परिषद आहे. त्यांनी एक यादी जाहीर करावी. सर्वोच्च दर्जाचा एएफसी प्रो परवाना गोव्यातील किती प्रशिक्षकांजवळ आहे, त्याखालच्या पायरीवर किती आहेत, त्या अभ्यासक्रमाचा खर्च कोण भरतो, आणि परवाना मिळविलेले हे लोक या क्षणी कोणत्या संघाला, कोणत्या मैदानावर, किती पगारावर शिकवीत आहेत. यादी छोटी निघाली तरी चालेल. ती हाती असली म्हणजे पुढच्या खेपेला तीन नावांची चिठ्ठी निघेल तेव्हा त्यात गोव्याचे नाव का नाही, हे दिल्लीला विचारायचे की आपल्याच माणसांना, ते तरी समजेल.